बाईंच्या संध्याकाळची बोली

"ही खुर्ची बसायला आहे की शिक्षा म्हणून ठेवलीय?" सासूबाईंनी विचारलं.

लिलावाच्या सभागृहात सूनबाईने तिसऱ्यांदा खुर्ची बदलली. पहिली बुटकी होती, दुसरी करकरत होती. दिवा डोळ्यांवर येत होता, पाणी कोमट हवं तर कढत होतं, आणि भिंतीवरच्या फोटोत सासूबाईंना दोन हनुवट्या आल्या होत्या. या सगळ्याचा दोष, का कोण जाणे, सूनबाईच्याच खात्यावर जमा होत होता. नवरा बाहेरगावी. असल्या दिवशी तो नेमका बाहेरगावीच असायचा.

शहरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची तालमीची एक सामाईक जागा होती. तिचं छप्पर गळायला लागलं होतं, त्यासाठी हा लिलाव. कोणी गिटार दिली होती, कोणी जुन्या रेकॉर्डी. सासूबाईंनी स्वतःलाच देऊन टाकलं होतं. 'बाईंसोबत एक संध्याकाळ.' जो बोली जिंकेल, त्याच्या घरी जाऊन त्या गाणार होत्या आणि त्यालाही चार ओळी शिकवणार होत्या.

एके काळी शहरात नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरायचं. पण गाणं सोडूनही आता कितीतरी वर्षं झाली होती. "कोण बोली लावणार?" असं सूनबाई तोंडाने म्हणाली नव्हती. तरी सासूबाईंना ते ऐकू गेलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

उद्या खरंच कोणी हात वर केला नाही तर? भरल्या सभागृहात, सगळ्यांदेखत? त्या विचाराने लिलावाच्या आधी सूनबाईची झोप उडाली होती. शेवटी तिने ऑफिसातल्या लंबूला पकडलं होतं. सासूबाईंनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नीट ऐक," सभागृहाच्या दाराशी तिने त्याला पुन्हा बजावलं. "कोणीच बोललं नाही, तर हात वर करायचा. एकदाच. पैसे मी देणार. दुसऱ्या कोणी बोली लावली, तर तोंड उघडायचं नाही."

"आणि त्या मला खरंच गायला लावतील का?"

"लंबू!"

"नाही, आपलं विचारून ठेवलं."

गिटार गेली, रेकॉर्डी गेल्या. मग सेक्रेटरींनी घसा खाकरून बाईंचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या, पण त्या पडायच्या म्हणून पडल्या. "तर, दोन हजारांपासून सुरुवात करू या. कोण बोलतंय?"

कोणीच बोलेना. सासूबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या. मांडीवरच्या शालीचं टोक मात्र त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं. सूनबाईने मागे वळून पाहिलं. लंबू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "दोन हजार."

एक चष्मेवाला गृहस्थ. सूनबाईने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे कोणीतरी होतं! इतक्या वर्षांनी, कोणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, तरी बाईंचं गाणं आठवणारं कोणीतरी होतं.

"अडीच!" मागून लंबू ओरडला.

सूनबाईने कपाळावर हात मारला. तिने मान हलवली, डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं. लंबूने ते उत्तेजन समजून अंगठा दाखवला.

"तीन," चष्मेवाला म्हणाला.

"साडेतीन!"

"चार."

चष्मेवाल्याने एकदा वळून लंबूकडे पाहिलं, आणि लंबू इरेला पेटला. "सहा हजार!" तो उभाच राहिला. लोक माना वळवून बघायला लागले. चष्मेवाल्याने मान हलवून माघार घेतली. या वेळच्या टाळ्या खऱ्या होत्या.

"जिंकलो की नाही?" लंबू हसत हसत आला.

"तुला गप्प बसायला सांगितलं होतं, गाढवा! इतक्या वर्षांनी एक खरा माणूस आला, त्याला हाकललास!"

त्याला तिथेच सोडून ती चष्मेवाल्याच्या मागे धावली. तो पायऱ्या उतरत होता. "अहो, थांबा जरा. तुम्हाला ती संध्याकाळ हवी असेल तर मी काहीतरी जमवते."

"छे छे, नको!" तो दचकला. "मला दुकान उघडायचंय." आणि जवळजवळ पळालाच. दुखावला बिचारा, तिला वाटलं.

घरी जाताना टॅक्सीत सासूबाईंनी सीटबद्दल तक्रार केली नाही. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याबद्दलही नाही. थोड्या वेळाने त्या चक्क गुणगुणायला लागल्या. आवाज चिरकला, त्या थांबल्या, आणि पुन्हा त्याच जागेपासून सुरू झाल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून सूनबाईने हे ऐकलं नव्हतं.

"उद्यापासून मला पहाटे उठव गं. गळा गंजलाय नुसता."

सूनबाईला राहवेना. खरं सांगून टाकावं, चष्मेवाल्याला शोधून काढावं, बाईंची संध्याकाळ त्यालाच मिळावी.

"आई, तुम्हाला एक सांगायचंय. तो चष्मेवाला..."

"तो?" सासूबाईंनी ड्रायव्हरकडे बघून आवाज खाली आणला. "आधी माझं ऐक. आणि हसायचं नाही. तो माझा औषधवाला, फोनवरून गोळ्या मागवते ना, तो. कोणीच बोललं नाही तर शोभा नको, म्हणून मीच त्याला बसवलं होतं. म्हटलं, कोणी खरा आलाच, तर बोली थोडी चढव आणि सोड." त्यांनी सूनबाईचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि आला की गं खरा! केवढा उंच होता, पाहिलास ना?"