फुली मारलेली घरं

मार्लिसनं जेरीच्या अंगणातल्या प्रचाराच्या पाटीची तार दोन्ही हातांनी धरून ओढली, पण नोव्हेंबरच्या गारठ्यानं जमीन अशी आवळली होती की तार जागची हलेना. निवडणूक हरायची आणि वर गावभर लावलेल्या पाट्याही आपणच उपटायच्या! सदतीस मतांनी पक्षाच्या उमेदवार नोराबाईंची जागा गेली होती. सदतीस! एवढी माणसं तर शुक्रवारी मासे खायला एका हॉटेलात जमतात.

"अगं, तू पुन्हा?" जेरी दारात येऊन ओरडली. "सात वेळा आलीस माझ्याकडे. मत दिलं म्हटलं ना! शेवटी शेवटी तर तुझी गाडी दिसली की मी दिवा मालवून बसायचे."

"पाटी न्यायला आलेय गं बाई."

"मग ने आणि मला जेवू दे."

मार्लिस हसली खरी, पण ते तिला लागलं. बावीस वर्षं ती पक्षाचं गावातलं काम बघत होती. पद्धत ठरलेली होती. जे नेमानं मत देतात त्यांचीच दारं पुन्हा पुन्हा ठोठावायची, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही. यादीतल्या बाकीच्या घरांवर लाल फुल्या तिनंच मारल्या होत्या. चीजच्या कारखान्यामागची ही वस्ती तर निम्मी लाल झाली होती. आज सातच्या बैठकीत ही वस्ती प्रचारातून कायमची सोडून द्यायचं ठरणार होतं, आणि तिनं त्याला होकार दिला होता.

जेरीच्या शेजारच्या घरापुढेही पक्षाची पाटी उभी होती. मार्लिस थबकली. खिशातली यादी काढून तिनं पाहिलं, या घरावर फुली होती. इथे पक्षाचं कुणीच आलं नव्हतं.

तिनं तारेला हात घातला तेवढ्यात शिकारीचं नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस बाहेर आला.

"ओ बाई, ती माझी आहे."

"आम्ही तर इथे लावली नव्हती."

"वाऱ्यानं उडून चरात पडली होती. मी आणून ठोकली. नोराबाईंनी माझ्या पोरीला वाचायला शिकवलंय. त्यांचं नाव चिखलात कसं राहू देणार?"

मार्लिसला एकदम बरं वाटलं. "म्हणजे मत दिलंत तुम्ही!"

"नाही." त्यानं मान खाली घातली. "घर बदलल्यावर नाव नोंदवायचं राहिलं. मग तारीख उलटून गेली असेल म्हटलं."

"अहो, आपल्या राज्यात मतदानाच्याच दिवशी नोंदवता येतं! तिथंच, केंद्रावर! ओळखपत्र आणि विजेचं बिल घेऊन गेलात की झालं!"

"हे मला आत्ता सांगताय?"

त्याचं लक्ष तिच्या हातातल्या यादीकडे गेलं.

"हा माझाच घरनंबर ना? फुली कशाची?"

काहीतरी थाप मारावी असं तिच्या मनात आलं. पण बावीस वर्षांत तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"तुम्ही मत देणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो."

"मी पण तेच धरून चाललो होतो," तो म्हणाला.

मग त्यानं यादी तिच्या हातातून घेतली आणि एकेका फुलीवर बोट ठेवत निघाला. "हा बेनी, कारखान्यात माझ्याच पाळीत असतो. या दोघी बहिणी, पॅकिंगला आहेत. इथं जावई आणि सासू, एकमेकांशी बोलत नाहीत, पण तुमच्याशी बोलतील. हे म्हातारबुवा गेले गेल्या वर्षी, त्यांची फुली राहू द्या." त्यानं पान उलटलं. "किती मतांनी हरलात म्हणालात?"

"म्हणाले नव्हते. सदतीस."

"अहो, एवढे तर या कागदावरच आहेत!"

मार्लिसनं घड्याळ पाहिलं. सहा वाजत आले होते. तिनं अध्यक्षांना फोन लावला. "वस्तीचा निर्णय मी येईपर्यंत घेऊ नका. आणि माझा होकार धरू नका," एवढं बोलून तिनं तो बंद केला.

"एप्रिलमध्ये शाळा मंडळाचं मतदान आहे," ती त्याला म्हणाली. "तुमचं नाव काय?"

"ट्रॉय." त्यानं जाकिटाची चेन वर ओढली. पाटी तिथंच राहिली. "चला, बेनी आला असेल घरी."

"आत्ता? अहो, निवडणूक संपली!"

"म्हणून तर तो दार उघडेल."