कंपनीचा माणूस

कापूस भरलेली नवी पिकअप आर्णीत धर्मपाल मिस्त्रीच्या गॅरेजसमोर बंद पडली. तुटलेली वायर त्यानं लगेच जोडली, पण कंपनीचा कोड टाकल्याशिवाय गाडी सुरूच होईना. नागपूरहून कंपनीनं लॅपटॉप घेऊन माणूस पाठवला. तो धर्मपालचाच मुलगा रवी निघाला. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच घरी आलेला.

“बाबा, काम तर तुमीच केलं. माह्याजवळ फक्त कोड हाये,” रवी म्हणाला आणि उभ्या उभ्या चहा घेऊन गेला.

आठवड्यानं पुंडलिकराव त्याच कंपनीची गाडी घेऊन आले. इंजिनाच्या आवाजावरूनच धर्मपालनं ओळखलं, नळी सुटली आहे. दोन मिनिटांचं काम होतं.

“आपल्यानं नाही होत, पुंडलिकराव,” बॉनेट न उघडताच तो म्हणाला, “नागपूरचा माणूसच बोलवा लागन.”