मोडलेली फांदी

कलादालनातल्या मोहित्यांनी कुंदाताईंच्या हातात तारा जोडलेला यांत्रिक हातमोजा चढवला. "आता तुमचा हात अण्णांच्या हातासारखा फिरेल, काकू. चित्र काढतानाचं त्यांचं मनही तुम्हांला जाणवेल."

समोर कुंदाताईंच्या दिवंगत यजमानांचं, अण्णांचं, गाजलेलं चित्र होतं: पिवळंधमक शेत, जांभळे डोंगर आणि मधोमध पिळवटलेलं काळं झाड. त्याची एक फांदी मध्येच खाली मोडलेली. ती फांदी म्हणजे चित्रकाराचा करपलेला संसार, असं समीक्षकांनी ठरवूनच टाकलं होतं. कुंदाताई तो सल आयुष्यभर उरात घेऊन जगल्या.

हात फिरू लागला. शेत रंगवताना मन अगदी निवांत होतं, झाडाला पीळ देताना तर चक्क खोडकर. मग ती फांदी आली, आणि मनात एकाएकी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हात हिसका बसल्यासारखा खाली घसरला.

त्यासरशी कुंदाताईंना ती दुपार आठवली. बांधावरून त्यांनीच हाक मारली होती, "अहो, पिठलं निवतंय!"

"काय जाणवलं, काकू?"

"भूक लागली होती हो त्यांना," डोळे पुसत त्या हसल्या, "आणि मी आले होते."