ॲट इट्स वाइडेस्ट

“तोंड उघडा सर. पूर्ण उघडा.”

“उघडलंच तर हाय,” भैय्यालाल सर म्हणाले. शब्द दातांच्या फटीतून कसेबसे बाहेर आले.

डॉक्टर दामिनीनं टॉर्च बंद केला. भंडाऱ्यातल्या तिच्या दातांच्या दवाखान्यात, त्या आडव्या खुर्चीत सर पाय ताठ करून पडले होते. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. एकोडीच्या शाळेत दामिनीलाही त्यांनीच शिकवलं होतं. आपल्याच विद्यार्थिनीपुढे आ वासून पडायची वेळ यावी, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्यात तो ‘आ’सुद्धा नीट होत नव्हता.

सगळा घोळ गुपचूपनं, म्हणजे पाणीपुरीनं, केला होता. परवा आसगावच्या लग्नात, भर मांडवात सरांनी चिंचेच्या पाण्यानं भरलेलं टम्म गुपचूप तोंडाला लावलं, तर ते आत जाईना. सरांनी जोर लावला. गुपचूप फुटलं आणि सगळं पाणी नव्या कोऱ्या सदऱ्यावर आलं. सरांनी गुपचूपवाल्यालाच साइजबद्दल चार शब्द सुनावले. शकुनबाईंनी मात्र त्याच्याकडचं तेवढंच दुसरं गुपचूप उचललं, गपकन तोंडात टाकलं आणि नवऱ्याकडे टक लावून पाहिलं. आज सकाळी त्यांनी सरांना हाताला धरून एसटीत बसवलं होतं.

“खर्रा किती खाता सर?” दामिनीनं विचारलं.

“कधीमधी.”

“कधी बी खातेत अन् मधी बी खातेत,” शकुनबाई स्टुलावरून म्हणाल्या. “दिवसाच्या सहा पुड्या.”

दामिनीनं सरांना स्वतःचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला लावली. चांगल्या तोंडात तीन सहज जातात. सरांची दोन गेली. तिसरं उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखं दाराबाहेरच राहिलं.

“माही बोटं जाड हायेत,” सर म्हणाले. “खडू धरून धरून झाली.”

दामिनीनं शांतपणे समजावलं. सुपारी-तंबाखूच्या त्या खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी आवळत जाते, कडक होते, आणि मग तोंड उघडेनासं होतं. सर मान डोलवत ऐकत होते. पण वर्गात कोणी चुकीचं उत्तर देऊ लागलं की ते डोलवायचे, तशी. शेवटी म्हणाले, “जबड्याले वारा लागला असंन. आंबेहळद लावतो.”

तेव्हा शकुनबाईंना राहवलं नाही. “इश्वरचं बी असंच सुरू झालं होतं ना! माह्या भावाचं!”

इश्वर गेल्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेला. शेवटचे दोन महिने तो नाकातल्या नळीनं पेज पीत होता. शकुनबाई तेव्हापासून मनात धास्तावल्या होत्या आणि आज ती धास्ती त्यांनी लपवली नाही. “मले एकटीले टाकून जातीन हे, डाक्टरीणबाई. यायले काही समजूनच नाही राहिलं.”

“इश्वरची गोष्ट येगळी,” सर भिंतीकडे पाहत म्हणाले.

दामिनीनं कागद ओढला, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांसाठी घाईघाईनं चिठ्ठी खरडली आणि ती सरांपुढे धरली. “इंग्रजी बरोबर आहे का, तेवढं पाहून द्या सर.”

सर ताडकन उठून बसले. चष्मा चढवला. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पेशंट्स माउथ इज मॅक्झिमम वाइड टू फिंगर्स.’

सरांच्या अंगात वारं शिरलं. “दामिनी! हे इंग्रजी हाय? मॅक्झिममले वाइड कोण जोडते? वाइड विशेषण हाय. नाम पाहिजे तं मॅक्झिमम विड्थ म्हण. नाही तं सरळ सुपरलेटिव्ह घे. वाइड, वाइडर, वाइडेस्ट! आण तो पेन!”

खुर्ची, गुपचूप, बायकोचे भरलेले डोळे, सगळं विसरून त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात नवी लिहिली. मग वर्गातल्यासारखी खणखणीत वाचायला गेले. खणखणीत काही निघालं नाही, पण वाक्य निघालं. “ॲट इट्स वाइडेस्ट, द पेशंट्स माउथ इज टू फिंगर्स वाइड.”

त्यांनी चष्म्यावरून विजयी नजरेनं पाहिलं. “याले म्हणतेत इंग्रजी.”

“अर्थ सांगा सर,” दामिनी म्हणाली.

“काय?”

“मराठीत अर्थ. नुसतं वाचून तुम्ही आम्हाले कधी खाली बसू दिलं नाही. अर्थ सांगाच लागे.”

नियम त्यांचाच होता. चौतीस वर्षांत त्यांनी एकालाही त्यातून सूट दिली नव्हती. सरांनी कागद सरळ केला, घसा खाकरला.

“पेशंटचं तोंड...”

“पेशंट कोण?”

“माहं,” सर म्हणाले. “माहं तोंड... जास्तीत जास्त... ताणून ताणून उघडलं तरी...”

ते अडखळले. कागदावरचं अक्षर त्यांचंच होतं. वाक्यात काना-मात्रेची चूक नव्हती, आणि चूक काढल्याशिवाय तर ते कशालाच ‘नाही’ म्हणू शकत नव्हते.

“दोनच बोटं,” त्यांनी अर्थ पुरा केला.

शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला. सर घाबरले होते, आणि ते आता त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. त्यांनी कागद दामिनीच्या हातात दिला, पण सोडला नाही.

“दामिनी बेटा,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “वाइडेस्टच्या पुढं अजून काही राहते काय?”