पांढरी पट्टी

बशीत स्क्रू. वितळलेल्या कथलाचा वास. डाव्या हाताचं एक बोट.

"नवा मॉनिटरच आण गं कुंदा," आई म्हणाली. "घर पेटवशील एखाद्या वेळी."

"नवा येईपर्यंत अप्पांनी मुकं बसायचं?"

पक्षाघातानं अप्पांची वाचा आणि उजवा हात नेला होता. आता बोलायचं ते एका बोटानं, कॉम्प्युटरवर टाइप करून. आज कॉम्प्युटर चालू होता, पण मॉनिटर काळाठिक्कर. कुंदानं तो उघडला, आतला फुगलेला कपॅसिटर काढला आणि नवा बसवायला घेतला. तशी अप्पांनी पडद्याविनाच कीबोर्ड बडवायला सुरुवात केली.

"चिडू नका हो अप्पा. हा उजळल्याशिवाय मी उठत नाही."

नव्या कपॅसिटरवर ऋण टोक दाखवणारी पांढरी पट्टी होती. कुंदा थबकली. बोर्डावरची खूण निरखून तिनं तो फिरवला आणि डाग दिला. सगळं पुन्हा जोडून बटण दाबलं.

मॉनिटर उजळला. त्यावर अप्पांच्या ओळी होत्या.

"पट्टी उलटी. कुंदे, पट्टी उलटी. फिरव. हां. दे आता डाग."

अप्पांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कुंदाला फक्त स्क्रूंची बशी धरायला मिळायची.