धोक्याचं अंतर

खाप्यात, कन्हानच्या काठावर, इंदूबाईंच्या घरामागे पाच कडुनिंब होते. आता महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो. तीन वर्षांत काठ खचत गेला आणि चार झाडं नदीत गेली.

पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "मावशी, धूप रोखायच्या भिंतीची योजना समुद्रकिनाऱ्यासाठी आहे. इथे समुद्र कुठे? आणि तुमच्या घराला धोकाही नाही."

"मंग नदीले सांगा न साहेब, का इथं समुद्र नाही म्हणून! थे तं रोज माती खाऊन राहिली."

साहेब हसले. तेवढ्यात त्यांना पाचव्या कडुनिंबाखाली उभी असलेली आपली जीप दिसली.

"अरे, काठ ढासळेल! गाडी मागे घे!" ते ड्रायव्हरवर ओरडले.

जीप रस्त्यावर गेली. इंदूबाईंच्या नातीने, नंदिनीने, मोजायचा टेप लावला. काठापासून जीप एकवीस मीटर. आजीची चूल साडेतीन.