शंभर शब्द

"हिला काढून टाका," प्रबंधाचे मार्गदर्शक डॉक्टर वजीह म्हणाले आणि तक्त्यातल्या आठव्या नावावर त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली.

इनास त्या रेघेकडे पाहत राहिली. इजिप्तमधल्या दमनहूर शहरातल्या एका प्राथमिक शाळेत ती अकरा वर्षं शिकवत होती आणि गेली चार वर्षं नोकरी सांभाळून शैक्षणिक मानसशास्त्रात एम.ए. करत होती. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी तिनं एक उपक्रम आखला होता. एकेका मुलाला शेजारी घेऊन बसायचं आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचं. बारा आठवडे. जवळच्या खेड्यातल्या शाळेत आठ मुलांवर तिनं तो करून पाहिला. सात मुलं शंभरात नव्वदच्या वर गेली. आठवी नूरहान. ती नवव्या आठवड्यात सत्तरीला होती आणि शेवटच्या चाचणीत तेहतिसावर आली.

"आठात एक म्हणजे सगळं गणितच गाळात," डॉक्टर म्हणाले. "मुलगी गाव सोडून गेली असं लिहा. कोण बघायला जातंय खेड्यात?"

"पण ती गेली नाहीये, डॉक्टर."

"मग तुम्ही जाल. गुरुवारी तुमची नोंदणी संपतेय. आणखी मुदतवाढ मागायला मी जाणार नाही, माझीच मान खाली जाते." मग ते जरा नरमले. "बाई, तुमच्या भल्याचं सांगतोय. चार वर्षं घातलीत तुम्ही."

ते खरंच होतं. घरी सासूबाई रोज विचारायच्या, चौतीस वर्षांच्या बाईला अजून दप्तर कसलं?

"एकदाच परत चाचणी घेते तिची," इनास म्हणाली.

"घ्या. बुधवारी तक्ता माझ्या टेबलावर हवा. ती त्यात असो वा नसो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्यातल्या शाळेच्या फाटकाशी शिपाई बयूमीकाका चहाचा पेला घेऊन बसले होते. "या डॉक्टरीणबाई! अजून झाला नाही का डॉक्टर?"

"एम.ए. आहे काका. डॉक्टर नव्हे."

"अरे देवा! एवढं करून डॉक्टर पण नाही?"

मोडक्या बाकांच्या खोलीत दोन धड खुर्च्या होत्या. नूरहान धावतच आली आणि आपल्या खुर्चीत बसली. वर्गात एका बाकावर पाच जणी असत. इथं ती दोन्ही कोपरं टेबलावर पसरू शकत होती.

इनासनं शब्दांची यादी पुढे ठेवली. शंभर शब्द, सोप्याकडून अवघडाकडे. नियम तिनंच लिहिले होते. लागोपाठ तीन शब्द चुकले की वही मिटायची, मुलाला आणखी त्रास द्यायचा नाही. नव्वदच्या वर गेलं की मुलाचं काम झालं. त्याला परत बोलवायचं नाही.

नूरहान वाचू लागली. पहिला शब्द चुकला. दुसरा बरोबर आला. मग दोन चुकले, एक बरोबर आला. इनास मान खाली घालून खुणा करत होती. तिला गुरुवार दिसत होता.

साठाव्या शब्दाच्या आसपास तिची पेन्सिल अडली. हे शब्द तर पाचवीतल्या मुलांनाही अडतात, आणि वही अजून मिटलेली नव्हती. तिनं कागद वरपासून पाहिला. पहिले दोन शब्द सोडले तर सगळीकडे एकच क्रम. दोन फुल्या, एक बरोबर. दोन फुल्या, एक बरोबर. पार खालपर्यंत. तिनं पिशवीतून मागच्या चाचणीचा कागद काढला. तिथंही तेच. फक्त तेव्हा बरोबर आलेला 'खिडकी' आज चुकला होता आणि तेव्हा चुकलेला 'पूल' आज बरोबर आला होता. त्या दिवशी तिनं फक्त बेरीज पाहिली होती.

"नूरहान, हे सगळं वाचता येतं तुला?"

मुलगी दाराकडे बघू लागली.

"मी रागावणार नाही. मुद्दाम चुकतेस?"

"तीन चुकले की तुम्ही वही मिटता," नूरहान पुटपुटली. "दोनला नाही मिटत."

"मग सगळेच बरोबर का नाही वाचत?"

"करीमानं वाचले ना सगळे. तिला तुम्ही परत बोलावलंच नाही."

इनासनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मुलांना शिकावंसं का वाटतं, यावर चार वर्षांत तिनं कपाटभर पुस्तकं वाचली होती.

"बाई, तुम्ही नापास होणार?" नूरहाननं विचारलं. "बयूमीकाका म्हणाले."

"होईनही."

"माझ्यामुळे?"

"नाही. मी नीट बघितलं नाही म्हणून."

"आणि मी नीट वाचलं तर?"

"तर बहुतेक पास होईन."

"मग परत याल?"

एका 'हो'नं काम झालं असतं. इनासनं पेन्सिल खाली ठेवली. "नाही, बाळा. माझ्या शाळेत माझी मुलं आहेत. तू सगळं वाचलंस की माझं इथलं काम संपलं. हा आपला शेवटचा दिवस."

नूरहाननं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग तिनं यादी पुन्हा वरपासून धरली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तो नीट वाचला. खिडकीबाहेर पाहिलं. कागदाची सुरकुती हातानं सारखी केली. दुसरा शब्द वाचला. पायातलं पायताण काढून पुन्हा घातलं. तिसरा वाचला. इनासनं पेन्सिल उचलली आणि ती खुणा करत राहिली, 'चल पुढे' असं एकदाही म्हणाली नाही. मधली सुट्टी झाली. मुलं अंगणात ओरडली, पुन्हा वर्गात गेली.

नूरहानचा एकही शब्द चुकला नाही. पण शंभर शब्द वाचायला तिनं सव्वा तास लावला.